एक खेळाडू, दोन देश : फुटबॉलमधील राष्ट्रीय संघाच्या निवडीचा प्रश्न

दि. २३ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहरी विश्वचषक फुटबॉल स्पर्धेतील जर्मनी विरुद्ध घाना हा सामना झाला. जर्मनीच्या बचावफळीत जेरोम बोआटेंग हे खेळत होते आणि घानाच्या मध्यफळीत केव्हिन-प्रिन्स बोआटेंग. हे दोघे एकाच पित्याचे पुत्र. पिता घाना देशाचे, दोघांच्या माता निरनिराळ्या परंतु दोघीही जर्मन, आणि दोघांचाही जन्म बर्लिन शहरातील. विश्वचषकाच्या सामन्यात दोन भाऊ परस्परांविरुद्ध उभे राहण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. सामना जर्मनीने एका गोलने जिंकला. तो गोल करणारे मेसुत ओझिल हेही तुर्कस्तानातून जर्मनीत स्थायिक झालेल्या कुटुंबातील होते.

एकाच घरातील दोन मुलगे दोन देशांचे प्रतिनिधी कसे होऊ शकतात? कोणी कोणत्या देशाकडून खेळावे, हे कोण ठरविते? एकदा केलेली निवड पुढे बदलता येते काय? हे प्रश्न वरवर पाहता दूरदेशीचे वाटतात. परंतु ज्या गोव्यात फुटबॉल हा गावोगावच्या मैदानांवर खेळला जाणारा खेळ आहे आणि ज्या गोव्यातील अनेक कुटुंबांपुढे पोर्तुगालच्या पारपत्राचा (पासपोर्टचा) विचार कधी ना कधी येतोच, तेथे या प्रश्नांची उत्तरे पालकांना, शिक्षकांना व क्रीडा कार्यकर्त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. या बाबतीतील जागतिक नियम आणि भारताचा कायदा यांची माहिती पुढे दिली आहे.

नागरिकत्व आणि राष्ट्रीय संघ

एखाद्या व्यक्तीस कोणत्या देशाचे नागरिकत्व मिळते, हे त्या त्या देशाचा कायदा ठरवितो. काही देश आपल्या भूमीवर जन्मलेल्या प्रत्येक मुलास नागरिक मानतात. काही देश आईबापांचे नागरिकत्व पाहतात. काही देश दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या परकीयांस नागरिकत्व देतात. हे कायदे परस्परांशी जुळतातच असे नाही. त्यामुळे एका देशातील आईबापांच्या पोटी दुसऱ्या देशात जन्मलेल्या मुलास दोन, क्वचित तीन देशांचे नागरिकत्व लाभू शकते.

राष्ट्रीय फुटबॉल संघात कोणास खेळता येईल, हे मात्र आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघ, म्हणजेच फिफा, ठरविते. फिफाच्या सदस्य संघटनांची संख्या २११ आहे. नागरिकत्व ही पहिली व आवश्यक अट आहे. तथापि केवळ पारपत्र हाती असले म्हणजे सर्व काही झाले, असे नाही. याचे सोपे उदाहरण ब्रिटनचे आहे. तेथील नागरिकांचे पारपत्र एकच. परंतु इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार स्वतंत्र राष्ट्रीय संघ आहेत. म्हणून तेथे खेळाडूचा, त्याच्या आईबापांचा किंवा आजीआजोबांचा जन्म कोठे झाला, यांसारख्या गोष्टी पाहाव्या लागतात.

तात्पर्य, नागरिकत्वे दोन असली तरी राष्ट्रीय गणवेश शेवटी एकच राहतो. ज्यास दोन देशांचे नागरिकत्व आहे, त्याच्यापुढे दोन दारे असतात. आणि त्यांपैकी एका दारातून तो आत गेला म्हणजे दुसरे दार बहुधा बंद होते.

पूर्वीचा मोकळा काळ

प्रारंभीच्या काळात हे बंधन एवढे कडक नव्हते. लुईस मोंती हे १९३० च्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाकडून खेळले आणि पराभूत झाले. चार वर्षांनी, १९३४ साली, रोम येथील अंतिम सामन्यात ते इटलीकडून खेळले व विजयी झाले. त्यांचे घराणे मूळचे इटालियन असल्याने इटलीने त्यांना आपले मानले. दोन निरनिराळ्या देशांकडून विश्वचषकाचा अंतिम सामना खेळलेला दुसरा खेळाडू आजवर झालेला नाही.

हंगेरीचे विख्यात कर्णधार फेरेन्त्स पुस्काश यांनी स्वदेशासाठी ८५ सामन्यांत ८४ गोल केले होते. १९५६ साली हंगेरीतील उठाव सोव्हिएत फौजांनी मोडून काढला, त्या वेळी ते देशाबाहेर होते. ते परत गेले नाहीत. पुढे स्पेनचे नागरिकत्व घेऊन ते १९६२ च्या विश्वचषकात स्पेनकडून खेळले. अर्जेंटिनात जन्मलेले अल्फ्रेदो दि स्तेफानो हेही प्रथम अर्जेंटिनाकडून आणि नंतर स्पेनकडून खेळले.

अशा उदाहरणांवरून एक शंका उत्पन्न झाली. श्रीमंत देशांनी गरीब देशांतील तयार खेळाडू उचलून आपल्या संघात घ्यावयाचे ठरविले, तर राष्ट्रीय संघ आणि पैसे देऊन खेळाडू मिळविणारा क्लब यांत भेद तो काय राहील? या विचाराने १९६२ च्या विश्वचषकानंतर फिफाने निर्बंध घातला. एका देशाच्या राष्ट्रीय संघातून खेळलेल्या खेळाडूने दुसऱ्या देशाकडून खेळू नये, असा नियम झाला. आजची सर्व चर्चा या नियमाभोवतीच फिरते.

जेथे निवड कायद्याच्या पलीकडे गेली

निवडीचा प्रश्न नेहमी कागदपत्रांचाच असतो असे नाही. १९५८ साली अल्जीरिया हा देश कायद्याने फ्रान्सचा भाग गणला जात होता आणि तेथे स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. रशीद मेखलूफी हे सांत-एतिएन या फ्रेंच क्लबचे, तर मुस्तफा झितूनी हे मोनॅको क्लबचे नामांकित खेळाडू. दोघेही फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून खेळले होते आणि त्याच वर्षी स्वीडनमध्ये होणाऱ्या विश्वचषकासाठी फ्रान्सच्या संघात त्यांचा समावेश अपेक्षित होता. एप्रिल १९५८ मध्ये हे दोघे आणि त्यांचे काही अल्जीरियन सहकारी गुप्तपणे फ्रान्स सोडून ट्यूनिसला गेले. तेथे अल्जीरियाच्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीचा फुटबॉल संघ स्थापन झाला. देश अस्तित्वात येण्यापूर्वीच त्याचा फुटबॉल संघ जगापुढे आला.

फिफाने या संघास मान्यता दिली नाही. तरीही अरब राष्ट्रे, पूर्व युरोप, चीन, व्हिएतनाम अशा ठिकाणी त्याने सामने खेळले. मेखलूफी त्या वेळी २१ वर्षांचे होते. विश्वचषक, पगार आणि क्लब या सर्वांवर त्यांनी पाणी सोडले. १९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर ते सांत-एतिएनला परतले आणि तेथील प्रेक्षकांनीही त्यांचा स्वीकार केला. पुढे ते स्वतंत्र अल्जीरियाकडूनही खेळले. त्यांचे निधन २०२४ साली झाले.

त्याच काळातील दुसरे उदाहरण गोमंतकीयांना अधिक जवळचे वाटेल. युझेबियो यांचा जन्म १९४२ साली मोझांबिकमधील लोरेन्सो मार्किश (आजचे मापुतो) येथे झाला. मोझांबिक तेव्हा पोर्तुगालच्या अमलाखाली होता. १९६६ च्या विश्वचषकात युझेबियो यांनी पोर्तुगालकडून ९ गोल केले आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल करण्याचा मान मिळविला. मोझांबिक १९७५ साली स्वतंत्र झाला. युझेबियो यांची पोर्तुगालकडील आंतरराष्ट्रीय कारकीर्द त्यापूर्वीच संपली होती. त्यांच्यापुढे निवडीसाठी दुसरा संघच नव्हता. आज ज्यास निवड करता येते, त्यास वसाहतींच्या काळातील खेळाडूंना नसलेले स्वातंत्र्य लाभले आहे, हे यावरून ध्यानात येते.

नियमांची पुढील घडण

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तुर्कस्तान, मोरोक्को, अल्जीरिया, घाना इत्यादी देशांतील लक्षावधी लोक कामधंद्यासाठी युरोपात गेले. त्यांची मुले तेथेच जन्मली व तेथील क्लबांच्या शाळांत खेळ शिकली. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात अशी मुले जन्मदेशाच्या कुमार संघातून खेळत. मात्र वरिष्ठ संघात जागा मिळाली नाही, तर आईबापांच्या देशाकडूनही त्यांना खेळता येत नसे. अजाण वयात खेळलेल्या एखाद्या सामन्यामुळे पुढील सारे आयुष्य बांधले जावे, हे न्याय्य नव्हते.

म्हणून २००३ साली फिफाने अंशतः सवलत दिली. कुमार गटात एका देशाकडून खेळलेल्या, परंतु त्या वेळीच दुसरेही नागरिकत्व असलेल्या खेळाडूस वयाच्या २१ वर्षांपर्यंत एकदा संघ बदलण्याची मुभा मिळाली. २००९ साली ही वयाची अट काढून टाकण्यात आली. केव्हिन-प्रिन्स बोआटेंग हे जर्मनीच्या कुमार संघांतून खेळूनही घानाकडे जाऊ शकले, ते या बदलामुळेच.

एकीकडे ही सवलत देत असताना दुसरीकडे गैरवापरास आळा घालणेही भाग होते. २००४ साली कतारशी कोणताही संबंध नसलेल्या काही ब्राझिलियन खेळाडूंना कतारचे नागरिकत्व देऊ करण्यात आल्याची वार्ता पसरली. फिफाने तातडीने नियम केला की, नव्याने नागरिकत्व घेणाऱ्या खेळाडूचा त्या देशाशी खरा संबंध असला पाहिजे : त्याचा स्वतःचा, आईचा वा बापाचा, किंवा आजीआजोबांपैकी एकाचा जन्म तेथे झालेला असावा, नाहीतर त्याने तेथे किमान दोन वर्षे वास्तव्य केलेले असावे. २००८ साली ही मुदत वाढवून वयाच्या अठराव्या वर्षानंतर पाच वर्षे अशी करण्यात आली.

तेरा मिनिटांचे मोल

तरीही एक अडचण उरली होती. वरिष्ठ संघाकडून अधिकृत स्पर्धेचा एक सामना खेळला, की परतीची वाट बंद. हा नियम किती कठोर ठरू शकतो, हे मुनीर एल हद्दादी यांच्या उदाहरणावरून दिसून येते.

मुनीर यांचा जन्म स्पेनमध्ये, मोरोक्कन वंशाच्या कुटुंबात झाला. दि. ८ सप्टेंबर २०१४ रोजी मॅसिडोनियाविरुद्धच्या युरोपीय पात्रता सामन्यात, स्पेनचा विजय निश्चित झालेला असताना, सत्त्याहत्तराव्या मिनिटास त्यांना बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरविण्यात आले. तेव्हा त्यांचे वय अवघे १९ वर्षांचे होते. सुमारे तेरा मिनिटे ते खेळले. त्यानंतर स्पेनच्या वरिष्ठ संघाने त्यांना पुन्हा कधीही खेळविले नाही.

२०१८ च्या विश्वचषकास मोरोक्को पात्र ठरला, तेव्हा मुनीर यांनी मोरोक्कोकडून खेळण्याची परवानगी मागितली. फिफाने नकार दिला. लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयानेही मे २०१८ मध्ये त्यांचा अर्ज फेटाळला. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये फिफाने नियम शिथिल केले. त्यानंतरही प्रथम नकारच मिळाला. अखेर जानेवारी २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मार्च २०२१ मध्ये ते मोरोक्कोच्या संघातून खेळले. तेरा मिनिटांच्या खेळाने त्यांची साडेसहा वर्षे घेतली. फुटबॉलपटूची उमेदीची वर्षे दहा-बारा असतात, हे लक्षात घेतल्यास या मुदतीचे महत्त्व कळून येते.

आजचे प्रमुख नियम

२०२० सालच्या दुरुस्तीनंतर लागू असलेल्या नियमांचा सारांश साधारणतः असा आहे :

(१) वरिष्ठ संघाकडून केवळ मैत्रीपूर्ण सामना खेळल्याने खेळाडू त्या देशाशी कायमचा बांधला जात नाही. डेक्लन राइस हे २०१८ साली आयर्लंडकडून तीन मैत्रीपूर्ण सामने खेळले आणि २०१९ पासून इंग्लंडकडून खेळू लागले.

(२) कुमार गटातील अधिकृत सामना खेळलेल्या खेळाडूस संघ बदलता येतो. परंतु तो सामना खेळतेवेळी त्याच्याजवळ दुसऱ्या देशाचेही नागरिकत्व असले पाहिजे.

(३) वरिष्ठ संघाकडून अधिकृत सामना खेळलेल्यासही काही अटींवर संघ बदलता येतो. त्याने वरिष्ठ संघाकडून तीनपेक्षा अधिक सामने खेळलेले नसावेत, शेवटचा सामना खेळताना त्यास २१ वर्षे पूर्ण झालेली नसावीत, आणि त्या सामन्यास किमान तीन वर्षे उलटलेली असावीत.

(४) विश्वचषकाच्या किंवा खंडीय अजिंक्यपद स्पर्धेच्या मुख्य फेरीत जो खेळला, त्यास नियम (३) मधील सवलत मिळत नाही.

(५) नवे नागरिकत्व घेणाऱ्यास जन्माने, आईबापांच्या वा आजीआजोबांच्या जन्माने अथवा वास्तव्याने त्या देशाशी संबंध दाखवावा लागतो. वास्तव्य वयाच्या दहा वर्षांपूर्वी सुरू झाले असल्यास तीन वर्षांचे, त्यानंतर सुरू झाले असल्यास पाच वर्षांचे असावे लागते.

(६) संघबदलासाठी फिफाकडे रीतसर अर्ज करावा लागतो आणि हा बदल एकदाच करता येतो.

निवड कशाच्या आधारे होते

नियम परवानगी देतात. निवड मात्र खेळाडूसच करावी लागते. तीत अनेक गोष्टी एकत्र येतात. घरात बोलली जाणारी भाषा, सुट्टीत भेटणारे आजीआजोबा, ज्या देशाने खेळ शिकविला त्याविषयीची कृतज्ञता, वरिष्ठ संघात जागा मिळण्याची शक्यता, प्रशिक्षकाने दाखविलेला विश्वास, या सर्वांचा त्यात वाटा असतो. म्हणून एकाच घरात दोन निर्णय होतात. २०१६ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत ग्रानिट झाका हे स्वित्झर्लंडकडून, तर त्यांचे थोरले बंधू ताउलांट झाका हे अल्बेनियाकडून परस्परांविरुद्ध खेळले. त्यांच्या मातोश्री प्रेक्षागारात दोन्ही देशांची चिन्हे अर्धीअर्धी असलेला सदरा घालून बसल्या होत्या.

आईबापांच्या देशाकडे येणारा ओघ किती बलवान असू शकतो, हे २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्कोने दाखवून दिले. त्याच्या २६ खेळाडूंपैकी १४ जणांचा जन्म मोरोक्कोबाहेर झालेला होता. त्यांतील अश्रफ हकीमी यांचा जन्म माद्रिदचा. दि. ६ डिसेंबर २०२२ रोजी स्पेनविरुद्धच्या सामन्यात विजय निश्चित करणारी पेनल्टी किक त्यांनीच मारली. मोरोक्को उपान्त्य फेरीत पोहोचणारा आफ्रिकेतील पहिला देश ठरला. हे यश केवळ परदेशात वाढलेल्या खेळाडूंमुळे आले, असे समजणे मात्र चुकीचे होईल. मोरोक्कोने त्याच काळात स्वतःच्या भूमीवरही प्रशिक्षण संस्था उभारल्या; राजधानी रबातनजीकची प्रशिक्षण संस्था २००९ साली सुरू झाली आणि तेथे तयार झालेले खेळाडूही त्या संघात होते.

निवड केल्यानंतरही प्रश्न संपतोच असे नाही. मेसुत ओझिल यांनी तुर्कस्तानचे नागरिकत्व सोडून जर्मनीचा स्वीकार केला. २०१४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मन संघात ते होते. २०१८ साली तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांबरोबरच्या छायाचित्रावरून वादळ उठले आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात जर्मनीचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. तेव्हा ओझिल यांनी राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली. संघ जिंकला की आपणांस जर्मन मानले जाते आणि हरला की परका मानले जाते, अशी त्यांची तक्रार होती. त्या छायाचित्राविषयी मते भिन्न असू शकतात. परंतु निवड करणाऱ्या खेळाडूस जिंकताना जसे आपले म्हटले जाते, तसेच हरतानाही म्हटले गेले पाहिजे, ही अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल.

भारतातील स्थिती

भारताच्या बाबतीत या प्रश्नाचे स्वरूप मुळातच वेगळे आहे. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ९ अन्वये, जो भारतीय नागरिक स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व संपादन करतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. २००५ साली सुरू झालेली 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' (ओसीआय) योजना ही नावाने नागरिकत्वासारखी वाटली, तरी ते नागरिकत्व नव्हे. या योजनेतील कार्डधारकास भारतात येण्याजाण्याची व राहण्याची मोकळीक मिळते; परंतु मतदानाचा हक्क, घटनात्मक पदे आणि शेतजमीन खरेदीचा अधिकार त्यास नसतो. २००८ साली केंद्र शासनाच्या क्रीडा खात्याने असे धोरण ठरविले की, राष्ट्रीय संघातून केवळ भारतीय पारपत्रधारकांनीच खेळावे.

याचा अर्थ असा की, अन्य अनेक देशांतील खेळाडू दोन्ही पारपत्रे खिशात ठेवून संघाची निवड करतो; भारतासाठी खेळू इच्छिणाऱ्यास मात्र प्रथम दुसरे पारपत्र सोडावे लागते. निवड मैदानात नव्हे, तर पारपत्र कार्यालयातच होते.

तसे करणारे खेळाडूही आहेत. जपानमध्ये जपानी माता व गुजराती पिता यांच्या पोटी जन्मलेले इझुमी अराता हे पुणे एफ. सी. या क्लबकडून खेळत होते. जपानी नागरिकत्व सोडून त्यांनी २०१२ साली भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि २०१३ साली ते भारताकडून खेळले. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी जन्मलेले रायन विल्यम्स यांच्या मातोश्रींचा जन्म मुंबईचा. ते २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ संघाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळले होते. बेंगळुरू येथील क्लबकडून खेळत असताना त्यांनी २०२५ साली ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडून भारतीय नागरिकत्व घेतले. आधीचा सामना मैत्रीपूर्ण होता, म्हणूनच फिफाच्या नियमांनी त्यांची वाट अडविली नाही. आणि परदेशी पारपत्र सोडले, म्हणूनच भारताच्या कायद्याने त्यांना वाट दिली.

ओसीआय कार्डधारक खेळाडूंना भारतीय संघात घ्यावे, अशी मागणी वेळोवेळी केली जाते. २०१९ ते २०२४ या काळात भारताचे प्रशिक्षक असलेले इगोर श्टिमाच यांनीही तिचा पुरस्कार केला होता. इंग्लंड, नेदरलँड्स इत्यादी देशांत भारतीय वंशाचे चांगले खेळाडू आहेत आणि त्यांच्या येण्याने संघाचा दर्जा वाढेल, असे मागणीच्या बाजूचे लोक म्हणतात. बाहेरून तयार खेळाडू आणल्याने गावोगावच्या मैदानांकडे आणि मुलांच्या प्रशिक्षणाकडे दुर्लक्ष होईल, शिवाय देशाचे प्रतिनिधित्व देशाच्या नागरिकानेच करावे, असे विरोधी मत आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मोरोक्कोच्या उदाहरणावरून एवढे निश्चित म्हणता येईल की, परदेशस्थ खेळाडूंचा उपयोग त्याच देशास होतो, जो स्वतःच्या मुलांसाठीही मैदाने व प्रशिक्षक उपलब्ध करून देतो.

गोव्यातील कुटुंबांसाठी

गोव्याच्या बाबतीत हा प्रश्न उलट दिशेने येतो. येथे परदेशी पारपत्र सोडून भारतीय होण्याचा नव्हे, तर भारतीय पारपत्र सोडून परदेशी होण्याचा विचार पुढे येतो. दि. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्या व्यक्तींस, तसेच त्यांच्या मुलांस व नातवंडांस पोर्तुगालच्या कायद्यानुसार तेथील नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे. लिस्बन येथे जन्माची नोंद करून अनेकांनी ते घेतले, आणि त्या आधारे युरोपात, विशेषतः ब्रिटनमध्ये, रोजगार मिळविला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे २०२१ पासून ती वाट पूर्वीसारखी सुलभ राहिलेली नाही. तथापि युरोपातील इतर देशांची ओढ कायम आहे. यात दोष देण्यासारखे काही नाही. संसाराची गरज ही खरी गरज असते.

परंतु ज्या घरात एखादा मुलगा अथवा मुलगी फुटबॉलमध्ये पुढे येत आहे, त्या घराने या निर्णयाचा आणखी एक परिणाम ध्यानात घ्यावयास हवा. पोर्तुगालचे नागरिकत्व स्वीकारले म्हणजे भारतीय नागरिकत्व जाते, आणि त्याबरोबर भारताच्या राष्ट्रीय संघातून खेळण्याची पात्रताही जाते. ओसीआय कार्ड घेतल्याने ती परत मिळत नाही. दुसरीकडे, पोर्तुगालचे पारपत्र मिळाले म्हणजे पोर्तुगालच्या संघाचे दार उघडले, असेही समजू नये. तेथे जगातील नामांकित क्लबांतून खेळणाऱ्यांशी स्पर्धा करावी लागते. अशा रीतीने एक दार बंद होते आणि दुसरे उघडतेच असे नाही.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत अधिक सावधगिरी आवश्यक आहे. आई किंवा बाप यांनी भारतीय नागरिकत्व सोडल्याचे रीतसर घोषणापत्र दिले, तर नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ८ अन्वये त्यांच्या अल्पवयीन अपत्यांचेही नागरिकत्व जाते. मात्र असे अपत्य सज्ञान झाल्यापासून एका वर्षाच्या आत घोषणापत्र देऊन भारतीय नागरिकत्व पुन्हा धारण करू शकते. ही एक वर्षाची मुदत अनेकांस ठाऊक नसते आणि ती उलटल्यावर मार्ग लांबचा होतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलास यातील काहीच कळत नाही. त्याच्या वतीने सही करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ते समजून घेतले पाहिजे.

या संदर्भात पुढील गोष्टी पाळणे हिताचे ठरेल. खेळाडू मुलांचे जन्मदाखले, आईबापांचे व आजीआजोबांचे जन्मदाखले व्यवस्थित जपून ठेवावेत. सर्व कागदांवरील नाव व जन्मतारीख एकसारखी आहे, याची खातरजमा करावी. नागरिकत्वाचा कोणताही अर्ज करण्यापूर्वी केवळ दलालाच्या सांगण्यावर विसंबू नये. जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. शाळांतील क्रीडाशिक्षकांनी व क्लबांच्या कार्यकर्त्यांनी गुणी मुलांच्या पालकांस हे परिणाम वेळीच समजावून सांगावेत. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेऊन भारतीय पारपत्रही जवळ ठेवणे कायद्यास धरून नाही, याचीही त्यांना जाणीव करून द्यावी.

गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो, क्लायमॅक्स लॉरेन्स यांसारखे खेळाडू भारतास दिले आणि त्यांनी भारतीय संघाचे कर्णधारपदही भूषविले. आज गावच्या मैदानावर अनवाणी धावणाऱ्या एखाद्या मुलाच्या अंगीही तेवढीच पात्रता असू शकेल. त्याने कोठे राहावे, कोठे पोट भरावे आणि कोणाचा गणवेश घालावा, हे ठरविण्याचा अधिकार अखेर त्याचाच आहे. तो अधिकार त्यास पुरतेपणी वापरता यावा, याकरिता तो सज्ञान होण्यापूर्वीच कोणा दुसऱ्याच्या सहीने त्याची निवड उरकली जाऊ नये, एवढी दक्षता वडीलधाऱ्यांनी घेतली पाहिजे.